रोज मॅच, रोज ऑफर: गिऱ्हाईक कंटाळतं कसं?



२३ नोव्हेंबर २०२३ ला भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना झाला होता. आठवतोय? बहुतेकांना नाही आठवणार. पण त्याच्या चारच दिवस आधी, १९ तारखेला अहमदाबादला काय झालं, ते विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. वर्ल्ड कपची फायनल हरलो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

गंमत बघा, तो विशाखापट्टणमचा टी-२० सामना साधा नव्हता. आपण २०९ चा पाठलाग करून शेवटच्या चेंडूवर जिंकलो. म्हणजे माल एक नंबर होता, पण घेणाऱ्याला भूकच नव्हती. आजचा विषय हाच आहे. क्रिकेट तुम्हाला सगळ्यांना कळतं, म्हणून त्यावरूनच सांगतो.

२०२४ ची तारीखवार यादी बघा. २६ मे ला आयपीएलची फायनल. जूनच्या सुरुवातीला टी-२० वर्ल्ड कप सुरू. २९ जूनला आपण जिंकलो. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि ६ जुलैला? झिम्बाब्वेत पुढची टी-२० मालिका चालूसुद्धा झाली, बरेचसे नवे चेहरे घेऊन. जिंकल्याचा आनंद नीट पोटात उतरायच्या आत ताटात पुढचा पदार्थ. अशाने माणूस क्रिकेटवर चिडत नाही. तो फक्त टीव्ही लावायचा विसरतो. धंद्यात हेच जास्त धोक्याचं, कारण चिडलेलं गिऱ्हाईक निदान भांडायला तरी येतं.

ऑस्ट्रेलियाची बिग बॅश लीग हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. २०११ च्या डिसेंबरात सुरू झाली. २ जानेवारी २०१६ ला मेलबर्नच्या एका सामन्याला ८०,८८३ लोक आले होते. तेव्हा मोसमात ३५ सामने असायचे. मग संयोजकांना वाटलं, चालतंय तर वाढवू. ३५ चे ४३ झाले, मग ५९, मग ६१. मुलांच्या सुट्ट्या संपल्या तरी लीग चालूच. परिणाम काय, तर सामन्यामागची सरासरी गर्दी ३० हजारांच्या आसपास होती, ती दोन मोसमांत २० हजारांच्या आसपास आली. शेवटी २०२३-२४ ला त्यांनी सामने ४४ वर आणले. आपणच वाढवलेला माल आपणच कमी करायचा, याला हिंमत लागते.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग आयपीएल कशी चालते? बरोबर प्रश्न आहे. आयपीएलमध्ये गुणतक्ता असतो. आज हरलो तर प्लेऑफ हुकेल, ही धाकधूक असते, आणि तो मेळा वर्षातून एकदाच भरतो. दोन देशांच्या पाच टी-२० मध्ये तिसरा सामना हरला तर कुणाचं काय बिघडतं? काहीच नाही. कंटाळा येतो तो आधी अशा सामन्यांचा. तरीही २०२५ ला आयपीएलचे सामने ८४ करायचा बेत होता, ते ७४ च ठेवले. त्यांनाही मर्यादा दिसली असावी, हा माझा अंदाज.

मग एवढे सामने ठेवतातच का? २०२३ ते २०२७ चे आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. ४१० सामने धरले तर एका सामन्याला साधारण ११८ कोटी. हे पैसे चॅनेलवाले देतात, तेही आधी करार करून. तुम्ही-मी एखादी मॅच चुकवली तर बोर्डाच्या गल्ल्यात त्या दिवशी खड्डा पडत नाही. आपल्या गल्ल्यात मात्र पडतो. त्यामुळे त्यांची नक्कल आपल्याला परवडणारी नाही.

मी ती केली होती, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

आमचं फरसाणाचं दुकान. २०११ ला मी बीबीए करत होतो. मोहालीची भारत-पाकिस्तान सेमीफायनल होती, तेव्हा सकाळपासून रांग होती आणि वडिलांनी एक रुपयाही कमी केला नव्हता. पुढे दुकान माझ्या हातात आलं. २०२२ ला आयपीएल दहा संघांची झाली, सामने ७४. मी म्हटलं, रोज मॅच तर रोज ऑफर! भाकरवडी, चिवडा आणि कोल्ड्रिंक, २३० चा माल १९९ ला. रोज दुपारी चारला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज.

पहिल्या आठवड्यात रोज चाळीसच्या आसपास कॉम्बो गेले. मी खूश. चौथ्या आठवड्यात बारा. वाईट म्हणजे, जे लोक आधी २३० ला न बोलता घ्यायचे, तेच विचारायला लागले, “आज ऑफर नाही का?” २३० ला मला ६० सुटायचे, कॉम्बोत २९. म्हणजे निम्म्याहून कमी, आणि माणसं तीच!

खरा फटका दिवाळीत बसला. फराळाच्या आगाऊ ऑर्डरी आदल्या वर्षी १२० घरांच्या होत्या, त्या ८३ वर आल्या. जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एका काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “अरे, तुझे रोजचे मेसेज बघून मी कधीच म्यूट केलंय. चकलीचा मेसेज आला होता होय?”

दोन महिन्यांत ३१-३१ रुपयांची सूट देऊन मी काय विकत घेतलं, तर हे म्यूटचं बटण.

आता मी मोसमात आठ-नऊच दिवस निवडतो. मुंबई-चेन्नई, रविवारची एखादी मोठी मॅच, प्लेऑफ, फायनल. दोन दिवस आधी एकच मेसेज. दर २३० च, वर लसूण शेवेची छोटी पुडी, जी मला आठ रुपयांना पडते. विक्रीचा आकडा २०२२ च्या पहिल्या आठवड्याएवढा येत नाही, हे खरं सांगतो. पण हातात उरतं. आणि बाकीच्या दिवशी “ऑफर नाही का” हे विचारणं जवळजवळ थांबलंय.

तुमची ब्रॉडकास्ट लिस्ट आज उघडा आणि गेल्या तीस दिवसांत किती मेसेज टाकले ते मोजा. दहाच्या वर असतील तर कमेंटमध्ये धंदा कुठला ते लिहा, कुठले मेसेज गाळायचे ते पुढच्या व्हिडिओत बघू.

त्या काकूंनी म्यूट काढलं की नाही, ते विचारायची हिंमत अजून झालेली नाही. दिवाळीची ऑर्डर मात्र आता दुकानात येऊन देतात.