पाहुण्यांसाठी सरबताचा कोपरा

पाहुणे आले की पोराला दुकानात पळवायचं आणि गार बाटली आणायची, ही आता रीतच झाली आहे. काही घरांत तर दारूची बाटली आल्याशिवाय पाहुण्याचा मान राहत नाही, असं म्हणतात. हा मान आपल्या हातात घ्यायचा, तर घरात सरबताचा कोपरा मांडू या.

जागा सावलीची हवी. तिवईवर तोटीचा माठ, त्यात उकळून गार केलेलं पाणी. शेजारी ताटात पालथे पेले, वर धुतलेलं फडकं.

उन्हाळ्यात पिकलेल्या कोकमाच्या साली आणि दुप्पट साखर काचेच्या बरणीत थरावर थर भरा. सात-आठ दिवस उन्हात ठेवा, मग रस गाळा. एक वाटी रसाला पाच वाट्या पाणी, चवीला मीठ, जिरेपूड. आंबट रस तांब्या-पितळेत ठेवू नका, तो कळकतो. कोकम मिळत नसेल तर कैरी उकडून गूळ-वेलचीचं पन्हं करा.

साखरेचा आजार असलेल्यांना गूळही चालत नाही. त्यांच्यासाठी जिरं घातलेलं ताक ठेवा. विकतचा निळसर बर्फ खाण्याचा नसतो, तो पेल्यात घालू नका.

पुढच्या बारशाला हाच पेला आधी पुढे करा. कुणी दारू मागितलीच, तर “आमच्याकडे पाहुण्याला हेच देतात” असं ठामपणे सांगता येईल. बचत गटातल्या दहाही घरांनी तेच सांगितलं, की ती गावाची रीत होईल.