आधी टेबल, मग ऑब्जेक्ट

पुण्याचं संगणकाशी आणि डेटाबेसशी नातं जुनं आहे. 1988 साली सी-डॅक ही संगणनातली सरकारी संस्था इथे सुरू झाली. 1990 साली डेटाबेस विषयात पीएचडी केलेल्या आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली. 'पर्सिस्टंट' हा शब्दही डेटाबेसवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला: प्रोग्राम बंद झाला तरी टिकून राहतो, तो पर्सिस्टंट डेटा. सी-डॅकच्या पीजी-डॅक या पदविकेला बसलेल्या मुलांची या शब्दाशी खरी गाठ पडते ती हायबरनेट हे जावाचं साधन शिकताना.

दोन भाषांचं भांडण

पेठेतल्या एखाद्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर करायचं आहे, असं समजू. जावात आपण 'सभासद' नावाचा क्लास लिहितो आणि त्याच्या पोटात त्याने नेलेल्या पुस्तकांची यादी ठेवतो. डेटाबेसला मात्र असं पोटात ठेवणं जमत नाही. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत असतात फक्त टेबलं. सभासदांचं एक, पुस्तकांचं दुसरं आणि कोणी काय नेलं याचं तिसरं. ऑब्जेक्टची टेबलं आणि टेबलांचे पुन्हा ऑब्जेक्ट करण्याचा कोड पूर्वी हातानेच लिहावा लागे. त्यात एका कॉलमचं नाव चुकलं, तरी दिवस वाया जाई.

ओआरएम काय करतं?

हे दुभाषाचं काम ओआरएम, म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, आपल्याकडे घेतं. क्लासवर 'एंटिटी' अशी खूण करायची, कोणता गुणधर्म कोणत्या कॉलममध्ये जातो आणि कोणाचं कोणाशी नातं आहे हे सांगायचं. एसक्यूएल ते स्वतः तयार करतं. गेव्हिन किंग यांनी 2001 मध्ये सुरू केलेलं हायबरनेट जावाच्या जगात रुळलं आणि 2006 मध्ये अशा मॅपिंगचं जेपीए हे जावातलं प्रमाणित रूप आलं. डॉटनेटमध्ये हेच काम एंटिटी फ्रेमवर्क करतं.

एकावन्न क्वेरींची गोष्ट

नवशिक्याची ठेच ठरलेली असते. पन्नास सभासदांची यादी मागवली: एक क्वेरी. मग लूप फिरवून प्रत्येकाची पुस्तकं छापली. ही यादी लागेल तेव्हाच आणायची, असा हायबरनेटचा मुळातला रिवाज, म्हणून दर सभासदामागे आणखी एक क्वेरी जाते. एकूण एकावन्न. घरच्या लॅपटॉपवर पाच सभासद असताना काही जाणवत नाही. पाच हजार झाले की पडदा गोठतो. यालाच 'एन प्लस वन' म्हणतात. 'जॉइन फेच' लिहिलं की सगळं एका क्वेरीत येतं. पण ते सुचण्यासाठी जॉइन म्हणजे काय, हे आधी माहीत हवं.

व्यवहार पुरा, नाहीतर रद्द

पुस्तक देताना दोन गोष्टी होतात: शिल्लक प्रत एकने कमी होते आणि सभासदाच्या नावावर नोंद पडते. मधेच वीज गेली आणि एकच झाली, तर पुस्तक हरवलंच म्हणायचं. म्हणून दोन्ही एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायच्या. त्याच्या सीमा कुठे आखायच्या, हे ओआरएम ठरवत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

शिकायचं कोणत्या क्रमाने?

आधी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये हाताने टेबलं करा आणि जॉइन, इंडेक्स घोटून घ्या. मग जेडीबीसीवर, म्हणजे जावातून हाताने एसक्यूएल पाठवून, एक छोटा प्रकल्प करा. त्यातला कंटाळा अनुभवला, की ओआरएम कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यानंतर हायबरनेट आणि शेवटी स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क. घाईत उलट्या क्रमाने गेलेल्यांची हिंजवडीतल्या आयटी कंपनीच्या मुलाखतीत 'एन प्लस वन'च्या प्रश्नावर दांडी उडू शकते.

हायबरनेटमध्ये 'शो एसक्यूएल' नावाची सेटिंग आहे. शिकताना ती कायम चालू ठेवा. कोड चालवण्याआधी कोणती क्वेरी जाईल, ते कागदावर लिहा आणि मग स्क्रीनशी ताडून पाहा. अंदाज जुळायला लागले, की ओआरएम आलं म्हणायला हरकत नाही.