खोखोचे मैदान आणि शाळेचा हजेरीपट

ज्या खेळाला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, प्रसंगी पादत्राणेही लागत नाहीत, दोन खांब, चुन्याच्या काही रेघा आणि मोकळी जमीन एवढ्यावर ज्याचा संसार चालतो, तो खोखो मराठवाड्यातील गरीब घरच्या मुलींना आपलासा वाटावा, हे स्वाभाविकच होय. परंतु त्याचे सामाजिक मोल स्वस्ताईपेक्षा त्याच्या नियमांत अधिक आहे. मधल्या पाटीत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात; पाठलाग करणाऱ्या नवव्याला पाटी ओलांडण्याची मुभा नसल्यामुळे, बसलेल्या सहकाऱ्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हटल्यावाचून त्याचा इलाज चालत नाही. ज्या मुलखात स्पर्शावरूनच माणसामाणसांत पिढ्यानपिढ्या भिंती उभ्या राहिल्या, तेथे कोणाच्या पाठीला कोणाचा हात लागला हा विचार करावयास क्षणाचीही सवड न देणारा हा नियम मला फार थोर वाटतो.

धाराशिवच्या सारिका काळे वयाच्या तेराव्या वर्षी या खेळाकडे वळल्या. घरी कित्येक वर्षे दिवसातून एक वेळचेच जेवण मिळे, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने 2016 साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर काम करीत होत्या.

पदक अर्थातच थोड्यांच्या वाट्यास येते. परंतु शालेय स्पर्धेत उतरावयाचे तर शाळेच्या पटावर नाव असावे लागते, आणि जिल्ह्याच्या संघात निवड झालेल्या मुलीला शाळेतून काढून बोहल्यावर उभे करताना बापाचाही हात थोडा अडखळतो. सरकारी नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे खरे. मात्र त्या पदाची शैक्षणिक अर्हता खेळाडूलाही चुकत नाही. म्हणून मैदान गाजवून दहावी अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलीच्या हाती अखेर प्रशस्तिपत्रांची चळतच उरते, आणि याचा दोष मी तिला देणार नाही. तिला खेळवून तिच्या अभ्यासाची विचारपूस न करणाऱ्या वडीलधाऱ्यांना देईन.

तेव्हा मुख्याध्यापकांनी शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या हवाली करू नये, आणि पालकांनी आठवीतल्या लेकीला सायंकाळच्या घरकामातून तासभर तरी मोकळीक द्यावी, एवढे आग्रहाचे मागणे आहे.