सायकली गाडीवर चढवण्याआधी

समृद्धी महामार्गावर सायकल चालवता येत नाही. मोटरसायकललाही तिथे मज्जाव आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी असा सुरू झाला आणि ५ जून २०२५ला शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. वाशीम जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथून त्यावर चढता येतं. कारंजा तालुक्यातल्या कामरगावच्या कुटुंबाला सुटीत मुलांच्या सायकली घेऊन मेहकरमार्गे लोणारला किंवा नागपूरकडे निघायचं असेल, तर सायकली गाडीवर चढवूनच न्याव्या लागतात. चिखलदऱ्याला जायचं असलं तरी तेच. परतवाड्यापासून वरचा घाट दहा वर्षांच्या मुलाने सायकलवर चढावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. वर पोचल्यावर मात्र त्याला सायकल हवी असते.

असं सायकल वाहून नेणं आपल्याकडे नवं नाही. एसटीच्या लाल गाडीला मागे लोखंडी शिडी आणि टपावर जाळीचं कॅरियर होतं, तोवर शिकायला शहरात निघालेल्या पोराची सायकल टपावर आडवी निजवून, सुतळीने बांधून, सामानाचं तिकीट काढून जात असे. गाड्यांची नवी बांधणी आली, शिड्या गेल्या, टप मोकळे झाले. आता ती सोय ज्याने-त्याने स्वतःच्या मोटारीवर करायची. आणि इथेच घोळ होतो. लोक गाडी पाहून रॅक घेतात. पाहायला हव्यात घरातल्या सायकली.

बाजारात मिळणारे रॅक ज्या सायकली डोळ्यांसमोर ठेवून बनले, त्या आपल्या ओसरीत उभ्या नसतात. स्वीडनची थुले कंपनी १९४२ सालची. तिने पुढे टपावरच्या कॅरियरमध्ये नाव कमावलं. डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक अमेरिकेत रिचर्ड ॲलन यांनी १९६७ साली आणला. या सगळ्यांच्या कल्पनेतली सायकल हलकी, सरळ आडव्या दांडीची, बिनमडगार्डची, चाक हाताने सुटणारी. आपल्या घरात काय असतं? आजोबांची किंवा वडिलांची काळी दांडीची सायकल, २८ इंची चाकांची, चेनकव्हर, कॅरियर, दणकट स्टँड असलेली. वजन सहज २० किलोच्या पुढे. मुलीची लेडीज सायकल. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यामुळे विदर्भातल्या कितीतरी घरांत ही बिनदांडीची सायकल हमखास असते. आणि धाकट्याची २० इंची रेंजर, दिसायला लहान पण १२ किलोच्या आसपास.

म्हणून पहिलं काम दुकानात जाण्याचं नाही. सोयाबीनची पोती मोजतात त्या काट्यावर एकेक सायकल ठेवून वजन लिहून घ्यावं. नंतर गाडीसोबत आलेली पुस्तिका काढून टपाची भारमर्यादा पाहावी. बऱ्याच लहान गाड्यांना ती ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असते, आणि त्यात रॅकचं वजनही धरायचं असतं. काळी सायकल २१, लेडीज १८, धाकट्याची १२ धरली तर ५१ किलो झाले. टपावरचे दोन आडवे बार पाचेक किलोंचे, प्रत्येक सायकलीचा पाळणा तीन-चार किलोंचा. बेरीज ६५च्या पुढे गेली. ज्या गाडीची मर्यादा ५० आहे, तिच्यासाठी टपाचा प्रश्न इथेच निकालात निघतो. दुकानदार हे सांगत नाही, कारण तो रॅकची ताकद सांगतो, तुमच्या टपाची नाही.

टपावर रॅक बसवायचा तर आडवे बार कशाला धरणार, तेही पाहावं लागतं. जुन्या ओम्नी, सुमोसारख्या गाड्यांना टपाच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असते. तिच्यात कॅरियरचे पाय पक्के बसतात. नव्या गाड्यांवर लांबीच्या दिशेने दोन चकचकीत पट्ट्या दिसतात, त्यांना रूफ रेल म्हणतात. त्यांतल्या अनेक केवळ शोभेच्या असतात, वर भार घ्यायला बनवलेल्याच नसतात. पुस्तिकेत त्यांच्यासाठी भार दिलेला नसेल तर त्या शोभेच्याच समजाव्यात. हाताने हलवून पाहणं ही काही परीक्षा नव्हे.

टपावरच्या पाळण्यांचे प्रकार तीन. एकात सायकलीचं पुढचं चाक काढून चिमटा रॅकला आवळतात. छायाचित्रांत आपण बहुधा हाच पाहतो, कारण शर्यतीच्या मागोमाग धावणाऱ्या गाड्यांवर तो असतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या गटात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरच्या त्या शर्यतीत स्पर्धकामागे मदतीची गाडी असते आणि तिच्यावर जादा सायकल तयार ठेवलेली असते. ती सायकल सात-आठ किलोंची, चाक क्षणात सुटणारी. आपल्या सायकलीचं चाक नटांनी आवळलेलं असतं, दर वेळी पाना लावून मडगार्डच्या सळया सांभाळत ते काढणं जिकिरीचं. हा प्रकार आपल्यासाठी नाही.

दुसऱ्यात सायकल दोन्ही चाकांवर उभी राहते आणि एक हात तिची खालची तिरपी दांडी पकडतो. काळ्या सायकलीला हाच सर्वांत योग्य. लेडीज सायकलीलाही चालतो, पण हाताचा पंजा तिच्या दांडीवर नीट बसतो का, हे सायकल दुकानात नेऊन बघावं. तिसऱ्यात एक आकडा पुढच्या चाकावर दाबून बसतो. फ्रेमला काही लागत नाही. मडगार्ड असलेल्या सायकलीवर तो आकडा मडगार्डच चेपतो, म्हणून रेंजरसाठी ठीक, बाकींसाठी नाही.

टपाची खरी अडचण उंचीची. दीड मीटर उंचीच्या लहान गाडीवर मोठी सायकल उभी केली की एकूण उंची अडीच मीटरच्या पुढे जाते. बोलेरोसारख्या गाडीवर ती तीन मीटरला भिडते. कामरगावहून मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगावमार्गे परतवाड्याकडे जाताना रस्त्यावर झुकलेल्या बाभळी-निंबाच्या फांद्या येतात. पेट्रोल पंपाचं छत, रेल्वेखालचा भुयारी रस्ता, घरचा पोर्च, सगळीकडे तो आकडा लक्षात हवा. मोजलेली उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावी. शिवाय २१ किलोंची सायकल डोक्यावर उचलून टपावर ठेवायची कोणी? घरात एकच माणूस ते करू शकत असेल, तर प्रवासात त्याच्याशिवाय कोणालाच सायकल खाली घेता येणार नाही. बायकांना आणि मोठ्या मुलांना झेपेल असाच प्रकार निवडावा, असं मला ठामपणे वाटतं.

मग उरते गाडीची पाठ. डिकीच्या दाराला पट्टे आणि आकडे लावून बांधायचा रॅक स्वस्त, हलका, आणि त्यामुळेच सर्वांत जास्त विकला जातो. तीन सायकलींच्या अशा रॅकची क्षमता साधारण ४५ किलो, म्हणजे सायकलीमागे १५. काळी सायकल इथेच बाद होते. लेडीज सायकलीला आडवी दांडी नसल्यामुळे ती टांगायला सीटच्या दांड्यापासून हँडलपर्यंत एक जोडदांडा वेगळा घ्यावा लागतो. आणि लांबीचं काय? २८ इंची सायकल चाकापासून चाकापर्यंत जवळपास १९० सेंटिमीटर. वॅगनआरची रुंदी १६२, बोलेरोची साधारण १७५. म्हणजे वॅगनआरच्या मागे आडवी टांगलेली काळी सायकल दोन्ही बाजूंना सुमारे १४ सेंटिमीटर बाहेर येते. अरुंद पुलावर समोरून कापसाचा ट्रॅक्टर आला की तेवढंच आडवं येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ)मध्ये मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या भारासाठी २० हजार रुपये दंड आहे, हेही माहीत असावं.

मागे टांगलेल्या सायकली नंबरप्लेट आणि लाल दिवे झाकतात. परदेशात रॅकवर जादा प्लेट आणि दिव्यांची पट्टी लावतात. आपल्याकडे १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट आहे आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आहे. ती न उघडणाऱ्या खिळ्यांनी बसवलेली असते. रॅकवर रंगवलेली दुसरी पाटी तिची जागा घेऊ शकत नाही. म्हणून सायकली प्लेटच्या वर राहतील एवढा उंच रॅक मिळत असेल तरच डिकीचा विचार करावा. लहान मुलांच्या दोन रेंजर असतील, तर हे जमतं. खालचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हे गाडी चालू करून पाहावं. तापलेल्या धुराने टायर वितळतो.

बोलेरोच्या मागच्या दाराला जादा चाक लटकवलेलं असतं. अशा गाडीसाठी त्या चाकावर बसणारे रॅक मिळतात आणि पत्र्यावर काही घासत नाही, ही त्यांची जमेची बाजू. पण सगळा भार दाराच्या बिजागऱ्यांवर येतो. दोन हलक्या सायकली, एवढीच त्याची मर्यादा समजावी. ट्रॉली ओढायच्या हुकवर बसणारा रॅक सगळ्यांत सोयीचा असतो, कारण सायकल कमरेइतकीच उचलावी लागते. मात्र आपल्या मोटारींना कारखान्यातून तसा हुक सहसा येत नाही. बंपरमध्ये फिरवून बसवायचा जो कडा मिळतो तो बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी, भार पेलण्यासाठी नव्हे. बाहेरून हुक जोडून घेणं म्हणजे गाडीत बदल करणं. मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे.

तालुक्याच्या गावात फॅब्रिकेशनची दुकानं आहेत आणि तिथले कारागीर हुशार आहेत. ते दोन दिवसांत लोखंडी अँगलचं कॅरियर बनवून देतील. मोह होतोच. पण अशा कॅरियरचं वजनच २०-२५ किलो भरतं, म्हणजे टपाची निम्मी मर्यादा सायकल चढवण्याआधीच संपते. त्याच्या पायांची पकड कुठल्याही चाचणीतून गेलेली नसते. टपावरच्या कॅरियरसाठी आयएसओ १११५४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. खोक्यावर त्याचा उल्लेख आहे का, ते विचारा.

वेगाची गोष्ट मात्र सगळ्यांनी मनावर घ्यायला हवी. समृद्धीवर मोटारीला सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वारा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ढकलतो, म्हणजे ६०च्या तुलनेत १२०ला सायकलींवरचा जोर चौपट होतो. समोरून आलेल्या झोताने टपावरच्या सायकली मागे लोटल्या जातात आणि सगळा ताण पुढच्या आडव्या बाराच्या पायांवर येतो. रॅकच्या पुस्तिकेत कमाल वेग दिलेला असतो. तो न वाचता १२०ने जाणं मागच्या गाडीतल्या माणसांच्या जिवावर बेतू शकतं. सायकली टपावर असतील तर ८०-९०च्या वर जाऊ नये, हा माझा सल्ला. गावातल्या गतिरोधकांवर तर त्याहून सांभाळून, कारण उसळीत सायकलीचा भार क्षणभर कितीतरी पट होतो.

आपलं ऊनही यात धरलं पाहिजे. वैशाखात पारा ४४-४५ला टेकतो. अशा उन्हात प्लास्टिकची बक्कलं ठिसूळ होतात, नायलॉनचे पट्टे उसवतात. काळ्या मातीची धूळ पट्ट्याखाली शिरून रंग घासते. काचेला किंवा टपाला हवेने चिकटणारे रॅक धुळीच्या पत्र्यावर वापरूच नयेत. काम झालं की रॅक उतरवून सावलीत ठेवावा, दर हंगामाआधी पट्टे हाताने ताणून पाहावेत आणि शंका आली तर बदलावेत. निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा आवळावं. टोपली, पंप, पाण्याची बाटली आधीच काढून आत ठेवावी.

वर्षातून एक-दोनदाच जायचं असेल आणि घरात ईको किंवा एर्टिगासारखी लांब गाडी असेल, तर मागची सीट दुमडून सायकली आत घालाव्यात, खाली जुनं पोतं अंथरावं आणि पुढे येणार नाहीत अशा बांधाव्यात. दोन कुटुंबं मिळून निघत असतील तर एक छोटा हत्ती भाड्याने केलेला बरा. दर महिन्याला निघणाऱ्यांनी दोन्ही चाकांवर उभी करणारा, कुलपाचा, टपावरचा रॅक घ्यावा. त्यावर लेडीज सायकल आणि रेंजर चढवाव्यात. काळी सायकल घरीच ठेवावी, ती टपावर चढवायला जड आणि मागे टांगायला लांब पडते.