ऐकू येते, पण कळत नाही

घरातल्या वृद्धांविषयी एक शेरा आपण नेहमी ऐकतो : 'दादांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते!' आमच्या मते हा आरोप अन्यायाचा आहे. दादांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. या दोहोंतला भेद ध्यानात आल्याखेरीज श्रवणयंत्र काय करते, हे उमगायचे नाही.

आठ, साठ, काठ, पाठ हे शब्द घ्या. चारांतही 'आ' तोच नि 'ठ' तोच. अर्थ ठरतो तो आरंभीच्या व्यंजनावर किंवा त्याच्या अभावावर. स्वर दणकट असतात. त्यांचे बळ मुख्यत्वे सेकंदाला हजाराच्या आसपासच्या आणि त्याखालच्या कंपनांत असते. 'स'ची सळसळ मात्र बव्हंशी ४००० कंपनांच्या पुढे, आणि तीही क्षीण. कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी आहे. तीक्ष्ण ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी तिच्या तोंडाशीच असतात आणि वयोमानाने बहुधा त्याच आधी झिजतात. मग भाजीवाला 'साठ' म्हणतो, दादा 'आठ' ऐकतात आणि हुज्जत सुरू होते.

बरे, ओरडून सांगावे, तर स्वर तेवढे फुगतात. शिवाय दादा म्हणतात, 'ओरडतोस कशाला?' तेही खरेच. अशा कानाला बारीक आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच टोचतो. ऐकू येणे आणि असह्य होणे यांमधली जागाच आखडलेली असते.

चांगले यंत्र त्या आखडलेल्या जागेत बोलणे बसवते. श्रवणतपासणीच्या आलेखावरून, जिथे कान उणा पडतो तिथलेच ध्वनी ते अधिक उचलते. क्षीण ध्वनीला भरपूर जोर देते, मोठ्याला थोडाच. १९९६ च्या सुमारास पूर्णतः अंकीय यंत्रे बाजारात आली, आणि हे काम पुष्कळ नेमके करता येऊ लागले.

तरी त्याला कानाचा चष्मा म्हणू नये. झिजलेल्या पेशी काही परत येत नाहीत. लग्नाच्या मांडवात यंत्र समोरच्याचे बोलणे थोडेफार वेगळे काढते, पण गलका सबंध पुसत नाही. आणि मेंदूही सळसळ विसरलेला असतो! पहिले काही दिवस भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची फडफड अंगावर येते. पुष्कळजण याच आठवड्यात यंत्र टेबलाच्या खणात टाकतात. वास्तविक शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलत, रोज थोडे अधिक वेळ लावले तर काही आठवड्यांत सराव होतो. मधूनमधून तज्ज्ञाकडून त्याची जुळणीही फिरवून घ्यावी लागते.

घरच्यांनी स्वयंपाकघरातून हाका मारण्याचे सोडावे. दोन हातांवर, चेहऱ्यावर उजेड येईल असे बसून बोलावे. ओठांच्या हालचालीही अर्थ सांगतात. आणि 'साठ' कळले नाही, तर पुन्हा 'साठ, साठ' न करता 'सहावर शून्य' म्हणून पाहावे.