बैरागडची सहधर्मचारिणी

पतीची साथ, अपत्यांचे संगोपन आणि लोकांची सेवा ही तीन कर्तव्ये जिच्या आयुष्यात एकत्र नांदली, त्या स्त्रीचे गुणगान करण्याची आपल्या समाजात जुनी चाल आहे. परंतु या तीन कर्तव्यांत एके दिवशी विरोध उत्पन्न झाला तर तिने काय करावे, हा प्रश्न गुणगान करणारे सहसा विचारीत नाहीत. वऱ्हाडातील एका गृहिणीपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष येऊन उभा राहिला, आणि त्याचे उत्तर तिला स्वतःच द्यावे लागले. ही गृहिणी म्हणजे मेळघाटातील बैरागडच्या सौ. डॉ. स्मिताताई कोल्हे होत.

अमरावती-अकोल्याकडील कुटुंबांस चिखलदऱ्याची थंड हवा चांगलीच परिचयाची आहे. पण चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांतील सातपुड्याच्या कुशीत वसलेली कोरकूंची खेडी फार थोड्यांनी पाहिली असतील. १९९३ साली तेथील बालकांच्या कुपोषणाच्या वार्ता देशभर गेल्या, तेव्हा कोठे पुष्कळांस मेळघाटाचे खरे स्वरूप कळले. त्याच्या काही वर्षे आधीच मूळचे शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे तेथे जाऊन राहिले होते. १९८५ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या तरुणाने शहरातील व्यवसायाचा मोह टाळला आणि मुद्दाम आडबाजूचे बैरागड निवडले. अमरावतीहून हरिसालपर्यंत वाहनाने जावे आणि पुढे सुमारे ४० किलोमीटर पायी चालावे, असा तो मार्ग होता. रोग्याकडून ते पहिल्या भेटीस दोन रुपये आणि पुढच्या भेटीस एक रुपया घेत.

पुढे उच्च शिक्षण पुरे करून परत येताना त्यांनी सहचारिणीचा शोध आरंभिला. त्यांच्या अटी चार होत्या. वधूने ४० किलोमीटर चालण्याची तयारी ठेवावी. विवाह पाच रुपयांत नोंदणी पद्धतीने व्हावा. दरमहा ४०० रुपयांत प्रपंच चालवावा. आणि प्रसंग पडल्यास, स्वतःसाठी नव्हे, पण दुसऱ्यांसाठी भिक्षाही मागावी. अशा स्थळास कोणत्या घरातील वडील मंडळी होकार देतील? नकारामागून नकार आले, यात नवल ते काय! नागपुरात स्वतःचा वैद्यकीय व्यवसाय उत्तम चाललेल्या स्मिताताईंनी मात्र या चारही अटी मान्य केल्या आणि १९८०-९० या दशकाच्या अखेरीस त्या बैरागडच्या घरात आल्या.

येथपर्यंतची कथा पतीच्या ध्येयात सामील होणाऱ्या पत्नीची आहे, आणि तशा कथा आपल्या परिचयाच्या आहेत. यापुढील कथा मात्र तशी नाही. गावाने या नव्या सूनबाईंस लगेच आपलेसे केले नाही. त्या स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलत, आणि हे बोलणे अनेकांस रुचत नसे. अशातच त्यांच्या पहिल्या बाळंतपणाची वेळ आली. बाळंतपण घरीच झाले, तेही पतीच्याच हातून. परंतु बाळ जन्मतःच गंभीर आजारी पडले. मेंदूज्वर, फुप्फुसाचा दाह आणि रक्तदोष ही तिन्ही संकटे त्या कोवळ्या जीवावर एकदम कोसळली. बाळ-बाळंतिणीस अकोल्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे, असे गावकरीच सांगू लागले. पतीने निर्णय स्मिताताईंवर सोपविला. मात्र पत्नीने अकोल्याची वाट धरली, तर आपण पुन्हा बैरागडास तोंड दाखवावयाचे नाही, असे त्यांनी मनोमन ठरविले होते.

स्मिताताई गेल्या नाहीत. गावातील इतर बाळांवर ज्या परिस्थितीत उपचार होतात, त्याच परिस्थितीत आपल्याही बाळावर होतील, असे त्यांनी ठरविले. बाळ वाचले, आणि त्या दिवसापासून गावाची त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली.

हा निर्णय वाचून एखाद्या आजीबाईंचा जीव खालीवर झाला, तर त्यांस दोष देता येणार नाही. पोटच्या गोळ्याचा जीव पणास लावणे हे मातृधर्मात बसते काय, असे त्या विचारतील, आणि हा प्रश्न रास्तच आहे. हा मार्ग कोणी गिरवावा, असे आम्हीही म्हणणार नाही. पण मेळघाटातील शेकडो मातांस अकोल्याची वाट उपलब्धच नव्हती, हेही विसरता येत नाही. त्यांची मुले याच आजारांनी दगावत होती, आणि त्यांच्या मातृत्वाची परीक्षा कोणी घेत नव्हते व कोणी वाखाणीतही नव्हते. त्या मातांच्या पंक्तीस एक सुशिक्षित माता स्वेच्छेने जाऊन बसली, एवढाच या निर्णयाचा अर्थ आहे, आणि तो लहान नाही.

या अर्थाची खूण पुढील एका प्रसंगात पटते. बांधकाम खात्याचे एक मंत्री कोल्हे दांपत्याच्या भेटीस आले असता त्यांचे साधे घर पाहून चकित झाले आणि चांगले घर बांधून देतो म्हणाले, असे सांगतात. स्मिताताईंनी घर नको म्हटले आणि त्याऐवजी या भागात रस्ते करून मागितले. लग्नाची चौथी अट येथे अक्षरशः पाळली गेली. मागणे मागितले, पण ते स्वतःसाठी नव्हे! आजारी लेकरू कडेवर घेतलेल्या पुढच्या आईला त्या रस्त्याचे मोल किती, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

औषधाने पोट भरत नाही, हेही या दांपत्यास लवकरच उमगले. पावसाळ्यात हाताला काम नाही, म्हणून घरात अन्न नाही. आणि अन्न नाही, म्हणून बालके दुबळी, असे हे दुष्टचक्र होते. तेव्हा दोघांनी शेतीत लक्ष घातले आणि अधिक चांगले पीक कसे काढावे, ते स्वतः करून गावकऱ्यांस दाखविले. २०१९ साली भारत सरकारने दोघांसही पद्मश्री दिली. पतीच्या नावामागे पत्नीचे नाव झाकून जाण्याची आपल्याकडील रीत निदान येथे तरी पाळली गेली नाही, ही समाधानाची गोष्ट होय.

सहधर्मचारिणी या शब्दाचा अर्थ आपण बहुधा ‘पतीच्या मागून चालणारी’ असा करीत आलो. बैरागडच्या घरात तो अर्थ पुरेसा पडत नाही. चाळीस किलोमीटरांची वाट स्मिताताई पतीच्या शब्दाखातर चालल्या असतील. पण आजारी बाळाच्या उशाशी बसून घेतलेला निर्णय त्यांचा एकटीचा होता, आणि पतीचे बैरागडातील कार्य पुढे चालावयाचे की तेथेच थांबावयाचे, हे त्या निर्णयावरच ठरले.