सोन्याच्या अंगठीआधी मेणाची अंगठी

म्हसवड, विटा, आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात. सिद्धनाथाच्या यात्रेला गावी आलेल्या अशाच एका पाहुण्यांनी विचारलं, "एका नमुन्याच्या शंभर अंगठ्या हुबेहूब कशा निघतात?"

आधी धातूचा एक मूळ नमुना बनतो. तो कच्च्या रबरात दाबून साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवला की रबर पक्कं होतं. मग सर्जिकल ब्लेडनं ते कापून नमुना बाहेर काढतात. काप मुद्दाम नागमोडी घेतात, म्हणजे दोन्ही भाग परत नेमके बसतात. माझ्या मते खरी कारागिरी इथंच आहे.

या साच्यात इंजेक्टरनं ७० अंशांच्या आसपासचं वितळलेलं मेण दाबानं भरतात. आधी आत टाल्कम पावडरचा अगदी हलका हात. पावडर जास्त झाली तर नक्षी बुजते. दाब कमी पडला तर बारीक जाळी अर्धवट भरते, जास्त झाला तर कडेनं मेणाचा पापुद्रा सुटतो. मेण फार गरम असेल तर बुडबुडे येतात, थंड होताना ते जास्त आकसतं.

मिनिटभरानं साचा हळूच वाकवायचा, मेणाची अंगठी अलगद सुटते.

अशा अंगठ्या मेणाच्याच दांडीवर झाडासारख्या लावून भोवती प्लास्टर ओततात. भट्टीत मेण जळून जातं, त्या पोकळीत सोनं.

वजनाचा अंदाजही मेणावरूनच येतो: १ ग्रॅम मेणाला चांदी साधारण साडेदहा ग्रॅम, २२ कॅरेट सोनं १८ ग्रॅमच्या आसपास.

साचा कापण्याबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.